टोकियोचे नऊ, भंडाऱ्याचे साडेपाच

पहाटे ५.३०

भंडाऱ्यात साडेपाच होतात तेव्हा जपानात नऊ वाजलेले असतात. तिथले जुन्या कॅमेऱ्यांचे दुकानदार कामाला बसले की आधी रात्रीचे निरोप बघतात, त्यामुळे माझ्या प्रश्नांची उत्तरं याच सुमारास येतात. रात्रभराची झड अजून थांबलेली नसते, घरात कुणी उठलेलं नसतं, आणि मी क्योटोच्या माणसाचं, यंत्राने इंग्रजीत उतरवलेलं, फार अदबीचं लिखाण वाचत बसलेला असतो. आधी क्षमा, मग आभार, मग मुद्दा. मुद्दा एकाच ओळीचा असतो, पण पैसे त्या ओळीवर ठरतात.

आजची ओळ यशिका मॅट १२४जी या कॅमेऱ्याबद्दल होती. लाखनीच्या एका निवृत्त सरांना तो हवा आहे. त्यांच्या वडिलांच्या स्टुडिओत असाच होता, तो कुणी तरी दुरुस्तीला म्हणून नेला तो नेलाच. दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा, १२० फिल्मवर चौकोनी फोटो काढणारा हा कॅमेरा १९७० ते १९८६ इतकी वर्षं बनत होता. माल पुष्कळ, म्हणून भावही वाटेल तसे. मी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. एक सेकंद आणि अर्धा सेकंद या वेगांवर शटर वेळेत मिटतं का? आणि मागचं दार उघडून, शटर उघडं धरून, खालच्या भिंगातून टॉर्च मारून एक फोटो पाठवता का?

उत्तर: ‘शटर चालते. भिंगात वयानुसार बारीक धूळ आहे, छायाचित्रावर परिणाम होत नाही.’ टॉर्चचा फोटो नाही. मंद वेगांबद्दल अक्षर नाही.

मी सरांच्या नावापुढे वहीत फुली मारली. विक्रेता खोटं बोलला असं मी म्हणत नाही. शटर चालतच असेल, १/१२५ वर चालत असेल. जुन्या तेलाचं चिकट लोणी होतं ते मंद वेगांच्या दातेरी चाकांत, आणि नेमकं तेच त्याने सांगितलं नाही.

सकाळी ७.००

हे काम नेमकं काय, ते सांगायला हवं. वडिलांचा स्टुडिओ होता. लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईतल्या दंडारीचे फोटो. पुढे तो मी चालवला. डिजिटल आल्यावर अंधारखोली बंद पडली, पण दुरुस्तीचा हात राहिला. गेल्या काही वर्षांत तरुण पोरं पुन्हा फिल्म मागू लागली, तेव्हा आधी त्याचं हसू आलं, मग काम आलं. आता मी कॅमेरे दुरुस्त करतो, आणि परदेशातून मागवायचा असेल तर मागवण्याआधी जाहिरात वाचून देतो. विकत मात्र नाही. त्याचं कारण पैशाच्या हिशेबात येईल.

वाचून देणं हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. जपानी विक्रेत्यांच्या प्रतवारीची एक उतरंड असते. सगळ्यांत वर ‘मिंट’. खाली ‘निअर मिंट’. त्याखाली ‘एक्सलंट’ आणि त्याच्यापुढे अधिकची चिन्हं. पाच अधिक लावलेला एक्सलंट सगळ्यांच्या वर असणार असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात तो निअर मिंटच्या खाली बसतो. ‘अन्टेस्टेड’ म्हणजे तपासलेला नाही. ज्याचं दुकानच कॅमेऱ्यांचं आहे त्याने शटर एकदाही दाबून पाहिलं नाही, यावर माझा विश्वास नाही. राहिला ‘जंक’. ती एक पाटी मला आवडते, कारण तिथे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की काय विकलं जातंय. दुरुस्ती येत असेल तर खुशाल जंक घ्यावा.

फोटोंचंही तसंच. वीस फोटो असतात आणि त्यातले अठरा कातड्याच्या चकाकीचे. मी शोधतो ते मागच्या दाराच्या खाचेतल्या काळ्या फोमचा, सेलच्या कप्प्याच्या आतला आणि भिंग उजेडासमोर धरलेला. हे तीन नसतील तर बाकीचे कशाला बघायचे?

सकाळी ८.३०

तर्री पोहे खाऊन दुकान उघडलं. खांब तालावाकडून येणाऱ्या रस्त्यावर पाणी साचलेलं. तुमसरच्या एका मुलीचा फोन वाजतच होता. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकते, आणि तिला ऑलिम्पस ट्रिप ३५ घ्यायचा आहे.

“काका, भाव तर परवडते. पण सगळं मिळून किती लागतीन जी?”

हा प्रश्न आधी विचारणारं गिऱ्हाईक मला फार आवडतं. बहुतेक जण पैसे भरून झाल्यावर विचारतात.

हिशेब असा. कॅमेऱ्याची किंमत, टपालखर्च आणि विमा यांची बेरीज करायची. त्या बेरजेवर मूळ सीमाशुल्क. शुल्कावर अधिभार. मग या साऱ्याच्या एकत्र बेरजेवर आयजीएसटी. म्हणजे टपालखर्चावरही कर लागतो आणि करावरही कर लागतो. दर अर्थसंकल्पागणिक हलतात, म्हणून मी आकडा पाठ ठेवत नाही. त्या दिवशीचा बघतो. कुरिअरने आलं तर कंपनी शुल्क भरण्याची आपली मजुरी वेगळी लावते. परकीय चलनात कार्ड वापरलं की बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत घेते आणि त्या रकमेवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. पडद्यावर दिसते ती किंमत दीडपट धरून झेपत असेल तरच पुढे जा, असं मी सगळ्यांना सांगतो. दीडपट ऐकून निम्मे लोक परत जातात.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. आपल्या परकीय व्यापार धोरणात यंत्रसामग्रीसारख्या भांडवली वस्तू सोडल्या तर बाकीचा वापरलेला माल ‘निर्बंधित’ गटात येतो. बंदी नाही, पण आयातीला परवाना लागतो. स्वतःसाठी एखादा नग मागवला तर बहुधा शुल्क भरून सुटतो. पण अधिकाऱ्याने अडवला तर हुज्जत घालायला जागा नाही. ठोकभर मागवून विकायचे तर परवाना हवाच. माझ्याकडे तो नाही, म्हणून माझ्या काचेच्या कपाटात विकायला एकही परदेशी कॅमेरा नाही. जे आहेत ते लोकांचे, पावती लावलेले.

“मंग त्याले गिफ्ट लिहाले सांगू का? मैत्रीण म्हणे, गिफ्टवर लागत नाही.”

पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला सूट होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती काढली. आता सुटीत राहिल्या त्या जीव वाचवणारी औषधं आणि राखी. कॅमेरा दोन्हींत बसत नाही. शिवाय किंमत कमी लिहिली आणि पार्सल वाटेत फुटलं, तर विमा लिहिलेल्या किमतीचाच मिळतो. मी तिला म्हटलं, खरी किंमत लिहायला सांग आणि ‘वापरलेला कॅमेरा’ असंच लिहायला सांग. आणि ट्रिप ३५ असेल तर विक्रेत्याकडून एकच व्हिडिओ माग: भिंगावर हात धरून बटण दाबायचं.

त्या कॅमेऱ्याला सेल लागत नाही. भिंगाभोवती जे मधमाशीच्या पोळ्यासारखं कडं दिसतं ते सेलेनियमचं, उजेडावरच चालतं. उजेड कमी असला की शटर सुटत नाही आणि बघायच्या खिडकीत लाल पट्टी वर येते. हात धरूनही बटण दबलं तर सेलेनियम संपलेलं आहे किंवा आतली सुई अडकलेली आहे. १९६७ पासून १९८४ पर्यंत बनलेल्या या कॅमेऱ्याला शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२००. बिघडायला फारसं काही नाहीच, म्हणून एवढी एक चाचणी पुरते.

सकाळी १०.३०

पोस्टमन दादांनी जवाहरनगरच्या आयुध निर्माणी वसाहतीतल्या एका माणसाचं पार्सल आणलं. पत्ता माझ्या दुकानाचा, नाव त्याचं. इंग्लंडहून निघालेलं, मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात उघडून पुन्हा चिकटपट्टी लावलेलं. वर सीमाशुल्काच्या जाहीरनाम्याचा कागद, आत पेंटॅक्स के१०००. मालकाला फोन करून बोलावलं. तो आल्याशिवाय मी खोकं फोडत नाही, आणि फोडताना त्याच्याच मोबाइलवर व्हिडिओ करायला लावतो. परत पाठवायची वेळ आली तर तेवढाच पुरावा.

उघडल्यावर आधी वास घ्यायचा. हसू नका. बुरशीचा कॅमेरा उघडताच कळतो, तळघराचा वास येतो. हा कोरडा होता.

मग शटर. फिल्म न घालता, दार उघडं ठेवून, एका सेकंदापासून १/१००० पर्यंत एकेक वेग. मंद वेग कानाने कळतात. जलद वेग मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून लहरींमधलं अंतर मोजून बघता येतात, १/१२५ पर्यंत तरी. त्यापुढे तो आवाज एकात एक मिसळतो. मग भिंग खिडकीपुढे. शटर मिटलेलं असताना पडद्याला टाचणीएवढं छिद्र आहे का ते. के१००० १९७६ ते १९९७ बनला, आधी जपानात, मग हाँगकाँगला, शेवटी चीनमध्ये. लोक जपानीच मागतात आणि त्याला जास्त पैसे देतात. माझ्या टेबलावर तिन्ही येतात आणि तिन्हींचे फोम सारखेच विरघळतात. सेल फक्त उजेडमापकाला लागतो, तो मेला तरी कॅमेरा चालतो. हीच याची थोरवी.

स्वयंचलित टायमर असलेले कॅमेरे आले की मी मालकाच्या हाताला धरतो. तो दांडा ओढू नका. चाळीस वर्षं न फिरलेलं ते चक्र अर्ध्यात अडकतं आणि मग शटरही अडकवतं. के१०००ला तो दांडाच नाही, हेही एक बरं.

दुपारी १२.००

टेबलाचं काम. सकाळी बोललेली वाक्यं इथे खरी-खोटी ठरतात.

फोम सगळ्यांत कंटाळवाणा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी कॅमेऱ्यांत दाराच्या खाचांत उजेड अडवायला आणि आरशाच्या वर त्याचा धक्का झेलायला लावलेला असतो. त्याचा होतो काळा चिकट चिखल. बांबूची काडी तासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, खाच न् खाच खरवडायची. आरशावरचा काढताना श्वास रोखायचा, कारण त्याचा एक कण वरच्या काचेवर पडला की पुसताना ओरखडा हमखास.

स्क्रूड्रायव्हरचं एक सांगतो, यामुळे जितके कॅमेरे विद्रूप झालेत तितके पडून झाले नसतील. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूवर फुली दिसते ती आपल्या नेहमीच्या फिलिप्सची नसते, जपानी मानकाची असते. फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. विक्रेत्याच्या फोटोत स्क्रूची डोकी चघळलेली दिसली तर समजावं, आत कुणी तरी जाऊन आलंय.

मग सेल. साठ-सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांचे उजेडमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. त्याच आकाराचा दीड व्होल्टचा घातला तर सुई उजेड जास्त दाखवते आणि फोटो काळवंडतात. उपाय आमच्या चौकातल्या मेडिकलमध्ये मिळतो: कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, सुमारे १.४ व्होल्टचा. वरचा स्टिकर काढला की हवा लागून सुरू होतो आणि काही आठवड्यांत सुकतो. मेडिकलवाला दर वेळी विचारतो, “घरी कोणाले ऐकू येत नाही जी?”

जुन्या कॅमेऱ्यांत सेलच्या कप्प्याचं झाकण हरवलेलं असणं हे तर नित्याचं. ते परदेशातून मागवलं तर झाकणाला टपालखर्च झाकणाहून जास्त. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. घागरी-गुंड आता पूर्वीसारखे खपत नाहीत, पण लेथवरचा हात अजून आहे. नमुना दिला की तो माणूस आटे पाडून पितळेचं झाकण उतरवून देतो, मूळच्यापेक्षा जड आणि देखणं. मेड इन जपानच्या बुडाला भंडाऱ्याचं पितळ.

आणि बुरशी. पावसाळ्याचे चार महिने मी तिच्याशीच भांडतो. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. ताजी असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाने पुसली जाते; जुनी असेल तर काचेवरचा लेप खाऊन बसलेली असते आणि मग कितीही पुसा, खूण राहते. तांदळाच्या जिल्ह्यात राहतो म्हणून हक्काने सांगतो, कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू नका. ओल फारशी जात नाही, कोंडा आत जातो. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत दहावीस रुपयांचं नव्हे तर बऱ्यापैकी आर्द्रतामापक, आणि चामड्याचं कव्हर बाहेर. कव्हर ओल धरून ठेवतं.

दुपारी २.३०

लाइट गेली. जेवण झालं होतं. टॉर्चवर बारीक काम करायचं नाही असा माझा नियम आहे, म्हणून बसून राहिलो.

परदेशातून कॅमेरा मागवण्याचा हा उद्योग मराठी माणसाला नवा नाही. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, या छायाचित्रकाराने लंडनहून २१ गिनी मोजून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यावर हँगिंग गार्डनमधली पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली आणि फिल्म धुवायला परत लंडनला पाठवली. आज तुमसरची पोरगी रंगीत रोल धुवायला मुंबईला पाठवते आणि आठवडाभर तळमळते, तेव्हा मला ती कुस्ती आठवते.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगतो ती त्यांच्या हिमतीसाठी नव्हे, खरेदीच्या पद्धतीसाठी. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे आधी गाठले ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबर्न. मुंबईत ते या साप्ताहिकाचे वाचक होते. केबर्न यांनी त्यांना वॉल्टनला सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत नेलं, काम कसं चालतं ते दाखवलं. मग ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा ठरला, आणि बरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, कारण कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकाची मिळे. ती भोकं पुढे घरी सरस्वतीबाई पाडत. म्हणजे कॅमेऱ्याआधी जाणता माणूस, आणि कॅमेऱ्याबरोबर त्याला लागणारं सगळं. माझ्याकडे येणारे दहातले आठ जण कॅमेरा आल्यावर विचारतात की याला फिल्म कुठली लागते.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर हा खर्चच टाळला. परदेशी कॅमेरा समोर ठेवून, आपले साथीदार दामले यांना हाताशी घेऊन, १९१८ मध्ये स्वतःच कॅमेरा बनवला. हा मार्ग मी कुणाला सुचवत नाही.

दुपारी ४.००

लाइट आली आणि एक बाई आल्या, मोहाडीच्या. सासऱ्यांच्या पेटीत आग्फा क्लिक थ्री सापडलेला. “दादा, हे चालून राहिला का बघा नं.” बडोद्याला बनलेला, १२० फिल्मवर बारा चौकोनी फोटो देणारा हा डबा एके काळी मध्यमवर्गीय घरात रेडिओच्या शेजारी असे. भिंग पुसलं, शटरला लायटरच्या पेट्रोलचा एक थेंब दिला, चालला. त्यांना पैसे सांगताना मलाच संकोच झाला.

“मंग लोक बाहेरून काऊन मागवते?” त्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडे जुने कॅमेरे आहेत, पण मोजक्याच जातीचे. परवान्याच्या काळात आयातीवर एवढी बंधनं होती की जगभर लाखांनी खपलेले कॅमेरे इथे दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतूनच यायचे. क्लिक थ्री इथेच बनायचा. सोव्हिएत झेनिट आणि पूर्व जर्मनीचा प्रॅक्टिका त्या मानाने सहज मिळत. पुढे यशिका एमएफ-२ घराघरांत गेला. फिल्मही घरचीच, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’. तो कारखानाही आता बंद. जे चांगले कॅमेरे होते ते व्यावसायिक छायाचित्रकारांचे, आणि ते त्यांनी झिजेपर्यंत वापरले, मग कपाटाच्या वर टाकले. जपानही दमट आहे. पण तिथल्या हौशी माणसाने कोरड्या कपाटात ठेवून वर्षाला चार रोल काढले. फरक एवढाच.

तरीही माझं मत असं की पहिला कॅमेरा घरातला किंवा नागपूरच्या जुन्या बाजारातला असावा. फिल्मचे दर बघता एकेक फोटोला चहाचे पैसे पडतात. वर्षभर क्लिक थ्रीवर बारा-बारा फोटो काढून हौस टिकली, तर मग क्योटोला पत्र लिहावं. हे सांगितल्याने माझं गिऱ्हाईक कमी होतं, हो.

संध्याकाळी ६.००

जपानात आता साडेनऊ. तिथले लिलाव रात्री नऊ ते अकरा या वेळात संपतात, म्हणजे आमचे दिवेलागणीचे. तिथल्या मोठ्या लिलावात बाहेरच्या माणसाला थेट उतरता येत नाही. मधला एजंट लागतो. तो बोली लावतो, माल आपल्या गोदामात ठेवतो, दोन-तीन वस्तू एका खोक्यात बांधतो आणि प्रत्येक पायरीचे पैसे घेतो. भाव स्वस्त वाटतो तो या पायऱ्या मोजायच्या आधी.

एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकी लिलाव ठरल्या सेकंदाला संपतो, म्हणून शेवटच्या सेकंदाला झडप घालणाऱ्याचं फावतं. जपानी लिलावात शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ पुन्हा पाच मिनिटांनी वाढते. झडप चालत नाही, दम चालतो. आज साकोलीच्या एका पोरासाठी निकॉनचं ५० मिलिमीटरचं भिंग होतं. वेळ वाढत गेली, वाढत गेली, आणि आम्ही ठरवलेला आकडा ओलांडल्यावर मी खिडकी बंद केली. पोराचा चेहरा पडला. पुढच्या आठवड्यात अशीच चार येतील.

रात्री ८.३०

युरोपची वेळ. जर्मनीत पाच वाजलेत, लोक कामावरून घरी येतात आणि वडिलांच्या कपाटातल्या वस्तू विकायला काढतात. घरगुती विक्रेते मला दुकानदारांपेक्षा आवडतात, पण त्यातले पुष्कळ जण युरोपबाहेर पाठवत नाहीत. मग मराठी माणूस करतो तेच: श्टुटगार्टला मावसभाऊ, लेस्टरला ताई, ‘दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये’. चालतं, फक्त सामानाच्या शुल्कमाफीची मर्यादा बघायची आणि वर गेलं तर लाल मार्गाने जाऊन सांगायचं. आणि मावसभावाला दार उघडून टायमर ओढून बघू नकोस असं बजावायचं.

एवढ्यात पवनीच्या एका पठ्ठ्याचा निरोप.

“भाऊ, लायका भेटून राह्यला! सोन्याचा!”

फोटो बघितला. सोनेरी अंग, सापाच्या कातड्याचं कव्हर, माथ्यावर ‘लायका’, गरुड आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकची कडी. विक्रेता पूर्व युरोपातला. भाव असा की खरा असता तर वेडेपणा आणि खोटा असेल तर लूट.

खारकीव्हच्या कारखान्यात १९३० च्या दशकापासून फेड नावाचा कॅमेरा बनत होता, लायकाची हुबेहूब नक्कल. महायुद्धानंतर मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कला झोर्की. दोन्ही चांगले कॅमेरे आहेत. पण पुढे कुणी तरी त्यांचं नाव घासून वर लायका कोरायला, सोनेरी मुलामा द्यायला आणि गरुड बसवायला लागलं, आणि ते आजवर थांबलेलं नाही. ओळखायची एक सोपी जागा आहे. भिंग काढून आत वरच्या बाजूला बघायचं: अंतरमापकाचा जो दांडा असतो त्याच्या टोकाला खऱ्या लायकात छोटं गोल चाक असतं, फेड आणि झोर्कीत चपटी जीभ. मी पोराला तो फोटो मागवायला लावला. आला. जीभच होती.

“मंग घेऊ नको का?”

झोर्की म्हणून, झोर्कीच्या भावात, मुलाम्याशिवायचा मिळाला तर घे म्हटलं. आणि घेतलास तर शटर ओढल्याशिवाय वेगाची चकती फिरवायची नाही. त्याने ‘ठीक आहे’ लिहिलं, पण त्याच्या डोळ्यांपुढून गरुड गेला असेल असं वाटत नाही.

रात्री १०.३०

ओहायोत दुपार. सरांसाठी ओहायोतल्या एका माणसाला मी कालच लिहिलं होतं. त्याच्या आजोबांचा यशिका मॅट १२४जी, जाहिरातीत चार अंधुक फोटो आणि दोन ओळी. त्याने आज व्हिडिओ पाठवला. एक सेकंद: शटर उघडतं आणि दीड-पावणेदोन सेकंदांनी मिटतं. अर्धा सेकंदही तसाच. मग टॉर्च, खालच्या भिंगाच्या कडेला, घड्याळाच्या चाराच्या जागी, बारीक जाळं. तो म्हणतो, हे काय आहे ते मला कळत नाही, तुम्ही सांगा.

सरांना फोन लावला. त्यांनी व्हिडिओ बघितला होता.

“यात तर बुरशी दिसून राहिली जी. जपानवाला साफ होता.”

“दिसते म्हणूनच हा घ्या सर. जपानवाल्याची आपल्याला पाहायलाच मिळाली नाही.”

कडेची बुरशी ताजी दिसते, पुसली जाईल. मंद वेग साफ करून तेल देणं ही माझी नेहमीची दुरुस्ती. दोन्हींचे पैसे मी सांगितले, ते कॅमेऱ्याच्या भावातून वजा करून ऑफर द्यायला सांगितलं. सरांनी दिली. तिकडून अर्ध्या तासात त्याहून वीस डॉलर वर उत्तर आलं. सर फोनवर कुजबुजले, घरात सगळे झोपले असावेत.

“दहा डॉलर अजून तोडून बघू का?”

“बघा. पण त्याला बांधणीचं आधी सांगा.” मग मी त्यांना इंग्रजी मजकूर लिहून पाठवला. सेल असेल तर काढून टाका. चामड्याचं कव्हर नको, ते वजन वाढवतं. खोक्यात खोकं, मध्ये सगळ्या बाजूंनी तीन बोटं फोम. जाहीरनाम्यावर खरी किंमत आणि ‘वापरलेला’.

दहा डॉलर तुटले. सरांनी पैसे भरले आणि लगेच विचारलं, किती दिवसांत येईल. पार्सल ओहायोहून निघेल, मुंबईला उघडलं जाईल, वरठीला रेल्वेतून उतरेल की नागपूरहून गाडीने येईल, यातलं माझ्या हातात काही नाही. मी वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं: फोम, मंद वेग, खालच्या भिंगाला कडेची बुरशी. सेलचं झाकण व्हिडिओत कुठे दिसलं नाही. लेथवाल्याला विचारून ठेवायचं.